पीआरबी मोकळे, तरी सेल रखडलेला: रेडिओ साधनं नेमकी कुठे संपतात?

तरंगवेध (धागाकर्ता)

एलटीई (४जी) सेलबद्दल तक्रार आली की पहिली नजर जाते ती पीआरबी (डेटासाठी वाटायचे फ्रिक्वेन्सीचे तुकडे) वापराच्या आकड्यावर. ८० टक्क्यांच्या वर असला की "सेल भरला, नवीन कॅरिअर (जादा फ्रिक्वेन्सी) लावा", आणि ५० च्या आसपास असला की "रेडिओ ठीक आहे, ट्रान्समिशन बघा". दोन्ही निष्कर्ष बरेचदा चुकतात. पीआरबी हे सेलच्या अनेक साधनांपैकी एक साधन आहे. कंट्रोल चॅनलमधले सीसीई (ग्रँट, म्हणजे पाठवायची-घ्यायची परवानगी, पोचवायच्या जागा), हँडसेटची अपलिंक (टॉवरकडे पाठवायची) पॉवर, पीयूसीसीएचमधल्या (अपलिंकच्या कंट्रोल चॅनलमधल्या) जागा आणि शेजारच्या सेलमुळे वाढलेला नॉइज, यातलं एक जरी टोकाला पोचलं तरी पीआरबी रिकामे पडून राहतात आणि वापरणारा मात्र थांबून असतो. आधी काय संपलंय ते शोधायचं आणि मगच पॅरामीटरला हात लावायचा, एवढ्यासाठी हा धागा.

पाया थोडक्यात. एक पीआरबी म्हणजे १५ किलोहर्ट्झचे १२ सबकॅरिअर, मिळून १८० किलोहर्ट्झ. ५ मेगाहर्ट्झला २५, १० ला ५० आणि २० ला १०० पीआरबी. शेड्युलर (कोणाला किती पीआरबी द्यायचे ते ठरवणारा भाग) दर १ मिलिसेकंदाला नवं वाटप करतो. काउंटर मात्र १५ मिनिटांची किंवा तासाची सरासरी दाखवतो. त्यामुळे ५५ टक्के हा आकडा "सतत अर्धा भरलेला" असाही असू शकतो आणि "काही सेकंद तुडुंब, काही सेकंद रिकामा" असाही. शक्य असेल तिथे सरासरीऐवजी वितरण बघा, म्हणजे किती टक्के वेळ वापर ९० च्या वर होता ते.

सुरुवात सीसीईपासून करतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं.

एक सीसीई म्हणजे ९ आरईजी, म्हणजे ३६ रिसोर्स एलिमेंट (एका सबकॅरिअरवरचा एक सिम्बॉल). २० मेगाहर्ट्झ, दोन अँटेना पोर्ट आणि पीएचआयसीएचचा (अपलिंकच्या पोचपावत्यांच्या चॅनलचा) एनजी १ धरला, तर सीएफआय (कंट्रोलला दिलेल्या सिम्बॉलची संख्या) १ ला १७ सीसीई मिळतात, २ ला ५० आणि ३ ला ८४. डाउनलिंक असो वा अपलिंक, प्रत्येक ग्रँट यातूनच जातो. चांगल्या सिग्नलमधल्या हँडसेटला १ सीसीई पुरतो, कडेच्याला ८ लागतात.

आता या सेलवर २०० व्होल्टी (एलटीईवरचे आवाजाचे) कॉल एकाच वेळी चालू आहेत असं धरा. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, आणि प्रत्येकजण साधारण अर्धा वेळ बोलतो. म्हणजे दर मिलिसेकंदाला ५ डाउनलिंक आणि ५ अपलिंक ग्रँट. सरासरी ॲग्रिगेशन (एका ग्रँटला लागणारे सीसीई) ४ असेल तर ४० सीसीई, ८ असेल तर ८०. ८४ पैकी ८० नुसत्या आवाजाला! त्याच वेळी डाउनलिंकमध्ये ही ५ पॅकेटं, प्रत्येकी दोन-तीन पीआरबी धरले तरी, १०० पैकी १०-१५ पीआरबीच खातात. रिपोर्टमध्ये सेल रिकामा दिसतो, आणि डेटावाल्याला ग्रँट मिळत नाही.

शिवाय एकूण सीसीई संपायच्या आधीच अडकायला होतं. हँडसेट सगळी जागा चाळत नाही. त्याच्या आरएनटीआयवरून (सेलने दिलेल्या ओळख क्रमांकावरून) आणि सबफ्रेम क्रमांकावरून ठरणाऱ्या जागांवरच तो ग्रँट शोधतो. स्वतःच्या सर्च स्पेसमध्ये ॲग्रिगेशन १ आणि २ साठी सहा-सहा जागा, ४ आणि ८ साठी फक्त दोन-दोन. त्या दोन्ही दुसऱ्यांनी घेतल्या असतील तर बाकी ५० सीसीई मोकळे असूनही त्या मिलिसेकंदात याला काही देता येत नाही. म्हणून सीसीई वापराचा काउंटर ६०-७० टक्क्यांवर असतानाच ग्रँट नाकारल्याचा काउंटर चढायला लागलेला दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

उपवाहक

उत्तम धागा. सीएफआयबद्दल भर घालतो. "मग सीएफआय कायमचा ३ करून टाकू" हा मोह होतो, पण तो फुकट नाही. एका पीआरबीत १ मिलिसेकंदाला १६८ रिसोर्स एलिमेंट. सीएफआय १ असताना कंट्रोल आणि सीआरएस (रेफरन्स सिग्नल) वजा जाता डेटाला १४४ उरतात, ३ असताना १२०. म्हणजे डेटाची क्षमता सहाव्या हिश्श्याने घटते. भरलेल्या आणि मोजकेच मोठे डाउनलोड असलेल्या सेलवर हे नुकसान सरळ वेगात दिसतं. बदलता सीएफआय चालू ठेवा, पण तो वर जायचा उंबरठा खाली आणा. काही शेड्युलर ग्रँट अडल्यावरच सीएफआय वाढवतात, तोपर्यंत व्होल्टीची पॅकेटं रांगेत म्हातारी झालेली असतात.

दुसरं, ॲग्रिगेशन लेव्हल कशावरून ठरते तेही तपासा. नुसत्या सीक्यूआयवरून (हँडसेटने कळवलेल्या चॅनलच्या दर्जावरून) ठरत असेल तर शेड्युलर जपून वागतो आणि गरज नसताना ४ च्या जागी ८ देतो. पीडीसीसीएचसाठी (डाउनलिंकच्या कंट्रोल चॅनलसाठी) वेगळा आउटर लूप (चुका बघून पातळी आपोआप सुधारणारी यंत्रणा) असेल तर तो १ टक्का चुकांच्या लक्ष्यावर चालू करा. एवढ्यानेच सरासरी ॲग्रिगेशन खाली येतं आणि कुठलीही पॉवर न वाढवता सीसीई सुटतात.

आवाजासाठी एसपीएस (एकाच ग्रँटवर ठरावीक काळाने पाठवत राहणं) हा उपाय आहेच, पण चांगल्या सिग्नलमधल्या कॉलची दोन पॅकेटं एकत्र करून ४० मिलिसेकंदाला एकदा पाठवणं जास्त सोपं पडतं. ग्रँट निम्मे होतात आणि उशीर २० मिलिसेकंद वाढतो. क्यूसीआय १ चं (आवाजाच्या वर्गाचं) १०० मिलिसेकंदांचं बजेट ते पचवतं. कडेच्या कॉलना मात्र हे लावू नये, तिथे रिट्रान्समिशनलाच वेळ पुरत नाही.

डेसिबल

सीसीई झालं, आता अपलिंक. माझ्या मते "फुल सिग्नल, तरी फोटो जात नाही" प्रकारच्या बहुतेक तक्रारी इथल्या असतात. कांड्या डाउनलिंकच्या दिसतात, अडचण वर पाठवण्यात असते.

पीयूएससीएच (अपलिंकच्या डेटा चॅनल) पॉवरचं सूत्र: पी-नॉट (सेलने ठरवलेली पायाची पातळी) + अल्फा (पाथलॉसचा किती भाग भरून काढायचा) × पाथलॉस (वाटेतला तोटा) + १० लॉग (पीआरबी संख्या) + क्लोज्ड लूपची दुरुस्ती, आणि कमाल २३ डीबीएम. समजा पी-नॉट −८० आणि अल्फा ०.८.

पाथलॉस १२० डीबी: −८० + ९६ = १६ डीबीएम प्रति पीआरबी. कमाल गाठायला ७ डीबी शिल्लक, म्हणजे ५ पीआरबी. त्यापुढे दिलेला प्रत्येक पीआरबी आहे तीच पॉवर वाटून घेतो.

पाथलॉस १३० डीबी: −८० + १०४ = २४. एकाच पीआरबीला कमाल ओलांडली. पॉवर हेडरूम (शिल्लक पॉवरचा) रिपोर्ट उणे येणार.

म्हणून हेडरूमचं वितरण काढा. उणे रिपोर्टचं प्रमाण मोठं असेल तर अपलिंकचे पीआरबी कितीही मोकळे असोत, त्या सेलचं खरं संपलेलं साधन म्हणजे हँडसेटची पॉवर. तिथे दुसरा कॅरिअर लावून उपयोग नाही. अँटेनाचा टिल्ट, खालचा बँड किंवा जवळची साइट, हेच उपाय. अशा हँडसेटला शेड्युलरने एक-दोन पीआरबीपेक्षा जास्त देऊच नयेत, पॉवर पातळ होते आणि एमसीएस (मॉड्युलेशन-कोडिंगची पातळी) शून्यावर येतो.

ठोकताळा

डेसिबल, शेवटच्या वाक्याशी असहमत. तुमचंच उदाहरण घेऊन आकडे मांडतो.

एका पीआरबीचा थर्मल नॉइज −१२१.४ डीबीएम. रिसीव्हरचा नॉइज फिगर सुमारे ३ डीबी धरला तर −११८. पाथलॉस १३०, हँडसेट पूर्ण २३ डीबीएमवर.

१ पीआरबी: बेस स्टेशनला −१०७ पोचतात, एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) ११ डीबी. शॅननची मर्यादा साधारण ०.६८ एमबीपीएस.
१० पीआरबी: प्रत्येकी १३ डीबीएम, एसएनआर १ डीबी. मर्यादा २.१ एमबीपीएस.
४० पीआरबी: प्रत्येकी ७ डीबीएम, एसएनआर −५ डीबी. मर्यादा २.८५ एमबीपीएस.

प्रत्यक्षात याहून कमीच मिळेल, पण प्रमाण असंच राहतं. म्हणजे पॉवर पातळ झाली तरी १ वरून १० वर जाताना त्या माणसाचा वेग तिप्पट होतो. १० वरून ४० वर जाताना मात्र चौपट पीआरबी देऊन जेमतेम एक तृतीयांश वाढ. सेल रिकामा असेल तर कडेच्याला ८-१० पीआरबी द्यावेत, इतर वाट बघत असतील तेव्हा आवळावेत. दोन पीआरबीची सरसकट मर्यादा घातली तर रात्रीच्या रिकाम्या सेलवरही फोटो रखडतच जाईल.

डेसिबल

मान्य. मर्यादा लोडवर अवलंबून असायला हवी. नॉइज वाढलेला असेल तर १० पीआरबीचं गणितही खाली घसरतं, तेव्हा आकडा ठरवताना प्रत्यक्ष मोजलेली इंटरफिअरन्स पातळी वापरावी, −११८ गृहीत धरू नये.

त्यावरूनच पुढचा मुद्दा: पी-नॉट. आपल्या सेलचा वेग वाढवायला पी-नॉट वर नेला की आपले हँडसेट मोठ्याने बोलतात आणि शेजारच्या सेलचा नॉइज चढतो. मग शेजारचा माणूसही स्वतःचा पी-नॉट चढवतो. अशाने क्लस्टरभर प्रति पीआरबी इंटरफिअरन्स −११८ वरून −१०८ कडे सरकतो आणि कडेच्यांना, ज्यांची पॉवर आधीच संपलेली आहे, थेट १० डीबीचा फटका बसतो. पी-नॉट बदलायचा तर एका सेलवर बदलू नका, लगतच्या सगळ्या सेलवर मिळून बदला, आणि दाट वस्तीत साइट जवळजवळ असतील तर बहुधा तो खालीच आणावा लागतो.

आणखी एक चूक जी वर्षानुवर्षं तशीच राहते: एसआयबी २ मधली (सेल सगळ्या हँडसेटना जाहीर करतो त्या माहितीतली) रेफरन्स सिग्नल पॉवर. हँडसेट पाथलॉस काढतो तो "जाहीर केलेली पॉवर वजा मोजलेला आरएसआरपी (रेफरन्स सिग्नलची पोचलेली पॉवर)" असा. जाहीर १५ डीबीएम आणि अँटेनाशी प्रत्यक्ष १२ असेल, तर त्याला पाथलॉस ३ डीबी जास्त वाटतो. अल्फा ०.८ ला पीयूएससीएच २.४ डीबी जोरात, आणि पीआरएसीएच (पहिल्यांदा जोडणी मागायचा चॅनल) पूर्ण ३ डीबी जोरात. फीडर बदलला, रेडिओ युनिट वर मास्टवर नेलं, पॉवर लायसन्स बदललं, यातलं काही झालं की हा आकडा पुन्हा ताडून बघा. ताळा सोपा आहे: प्रति पोर्ट २० वॅट म्हणजे ४३ डीबीएम, १२०० सबकॅरिअरवर वाटले की १२.२, आणि पीबी १, पीए −३ (रेफरन्स सिग्नलचा बूस्ट ठरवणारे पॅरामीटर) असेल तर ३ डीबी बूस्ट धरून १५.२ डीबीएम.

नवशिकी_लहर

एक शंका. प्रोपोर्शनल फेअर शेड्युलर लावला की कडेच्या लोकांना जास्त वाटा मिळतो असं वाचलंय. मग तक्रारी असलेल्या सेलवर राउंड रॉबिनऐवजी (पाळीपाळीने देण्याऐवजी) तो लावणं हाच उपाय नाही का?

उपवाहक

हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोन वापरकर्ते घ्या. पूर्ण सेल मिळाला तर एकाला ३० एमबीपीएस मिळतील, दुसऱ्याला ६. चॅनल स्थिर आहे. राउंड रॉबिनमध्ये १५ आणि ३. नुसता सर्वोत्तम चॅनल बघणारा शेड्युलर ३० आणि ० देईल. दोघांना समान वेग द्यायचा तर ५ आणि ५, म्हणजे सेलची एकूण बेरीज १८ वरून १० वर. आणि प्रोपोर्शनल फेअर? १५ आणि ३, राउंड रॉबिनसारखंच. तो वेळ समान वाटतो, वेग नाही.

त्याचा फायदा दिसतो तो चॅनल वरखाली होत असताना. दर क्षणी "आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आजवरची सरासरी" हे गुणोत्तर ज्याचं मोठं त्याला पाळी मिळते, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चांगल्या क्षणी. पण तो क्षण सीक्यूआयमध्ये दिसला पाहिजे. १८०० मेगाहर्ट्झला ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत डॉप्लर १०० हर्ट्झ, चॅनल साधारण ४ मिलिसेकंदात पालटतो. सीक्यूआय दर २०-४० मिलिसेकंदांनी येतोय आणि वर प्रक्रियेचा उशीर. तोपर्यंत ती माहिती शिळी झालेली असते. महामार्गावरच्या सेलला सबबँड (बँडच्या तुकड्या-तुकड्यांचा) सीक्यूआय मागून पीयूसीसीएच भरण्यात अर्थ नाही, वाइडबँड पुरे. पायी चालणाऱ्यांच्या भागात मात्र सबबँडचा खरा उपयोग होतो.

तक्रारीच्या सेलवर मी आधी आउटर लूप बघेन. १० टक्के बीएलईआरचं (चुकलेल्या ब्लॉकच्या प्रमाणाचं) लक्ष्य असेल तर एसीकेला ("पोचलं") वर जायची पायरी आणि एनएसीकेला ("चुकलं") खाली यायची पायरी यांचं प्रमाण १ ला ९ हवं, उदाहरणार्थ ०.०५ आणि ०.४५ डीबी. हे नीट असूनही एमसीएस कारण नसताना खाली बसलेला दिसला, तर डीटीएक्सचा (उत्तरच न येण्याचा) हिशोब तपासा. हँडसेटने ग्रँटच वाचला नाही तर उत्तर येत नाही. ते "उत्तर नाही" जर एनएसीके म्हणून मोजलं गेलं, तर दोष कंट्रोल चॅनलचा आणि शिक्षा डेटाच्या एमसीएसला. सीसीई टंचाईमुळे ॲग्रिगेशन कमी ठेवलेल्या सेलवर हे हमखास होतं, म्हणजे एका साधनाची टंचाई दुसऱ्या साधनाच्या काउंटरमध्ये जाऊन दिसते.

कटाक्ष

पीयूसीसीएचवर कोणीच लिहिलं नाही. शेड्युलिंग रिक्वेस्टच्या जागा: सायक्लिक शिफ्टचं अंतर २ ठेवलं तर एका आरबीत १८ जण. एसआरचा कालावधी १० मिलिसेकंद असेल तर एका आरबीवर १८० हँडसेट, २० ला ३६०, ४० ला ७२०. जागा संपल्या की नवीन आरआरसी कनेक्शन नाकारलं जातं, तेही पीआरबी रिकामे असताना.

कालावधी ४० केला की जागा चौपट होतात, पण हँडसेटला पाळीसाठी सरासरी ५ ऐवजी २० मिलिसेकंद थांबावं लागतं. लहान लहान पॅकेटांच्या कामात हे जाणवतं. माझा कल आधी इनॲक्टिव्हिटी टायमरकडे असतो. तो ६० सेकंद ठेवलेला असेल तर नुसते बसून असलेले कनेक्शन जागा अडवून धरतात. १०-१५ सेकंदांवर आणला की जोडलेल्यांची संख्या झपाट्याने उतरते. त्याच्या उलट, ५ सेकंदांच्या खाली नेला तर तेच हँडसेट पुन्हा पुन्हा आत येऊन पीआरएसीएच आणि सिग्नलिंगचा भार वाढवतात.

ठोकताळा

आता लोड बॅलन्सिंग, कारण "शेजारी ढकला" हा सगळ्यांचा आवडता उपाय.

ए३ इव्हेंटमध्ये शेजारी आपल्यापेक्षा (ऑफसेट + हिस्टरेसिस − सीआयओ) इतक्या डीबीने वर गेला की हँडओव्हर; सीआयओ म्हणजे त्या एका शेजाऱ्यासाठी दिलेली सूट. ऑफसेट २, हिस्टरेसिस १ दोन्ही बाजूंना असेल तर जाण्याचा आणि परतण्याचा बिंदू यांत ६ डीबीचं अंतर असतं. लोड कमी करायला आपण शेजाऱ्याचा सीआयओ +४ केला आणि शेजाऱ्याकडे आपला ० च राहिला, तर हे अंतर २ डीबी उरतं. साध्या फेडिंगलाच हँडसेट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. +६ केला तर अंतर शून्य. म्हणून एका बाजूला +४ तर दुसऱ्या बाजूला −४ हवाच. सीमा सरकते, रुंदी तीच राहते.

एवढं करूनही ढकललेला माणूस शेजारच्या सेलमध्ये कडेचाच असतो, आणि पहिला सेल त्याच्या कानाशी ४-५ डीबी जोरात चालू असतो. त्याला तिथे जास्त सीसीई आणि जास्त पीआरबी लागतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर ३ डीबीपेक्षा जास्त सरकवण्याचा फायदा मला तरी क्वचितच पटतो. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवणं केव्हाही चांगलं, तिथे हा इंटरफिअरन्स नाही. आणि सीआयओ फक्त जोडलेल्या हँडसेटना लागू होतो. आयडलमधले कुठे बसतात ते रिसिलेक्शनच्या प्रायॉरिटी आणि क्यू-ऑफसेटवर ठरतं. दोन्हींची दिशा उलटी असेल तर प्रत्येक कनेक्शन उघडलं की लगेच एक हँडओव्हर, दिवसभर.

नवशिकी_लहर

आभार, प्रोपोर्शनल फेअरचं आता नीट कळलं. पण ५जीत १०० मेगाहर्ट्झ मिळाल्यावर हे कंट्रोल चॅनलचं दुखणं संपतं ना?

तरंगवेध

संपत नाही, उलट मॅसिव्ह मायमोमुळे (अनेक अँटेनांनी वेगवेगळे बीम बनवल्यामुळे) वाढतं. ३० किलोहर्ट्झ स्पेसिंगला १०० मेगाहर्ट्झमध्ये २७३ पीआरबी. कोरसेट (५जीत कंट्रोल चॅनलला राखलेली जागा) सहा-सहाच्या गटांनी मांडतात, म्हणजे २७० वापरता येतात. एक सीसीई म्हणजे ६ आरईजी, तेव्हा एका सिम्बॉलला ४५ सीसीई, दोन सिम्बॉलला ९०. कडेच्या हँडसेटला ॲग्रिगेशन १६ लागलं तर एका सिम्बॉलचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्याच्या एका ग्रँटला. डेटामध्ये तुम्ही एकाच पीआरबीवर आठ जणांना बीमने वेगळं करता, पण ग्रँट तर आठही द्यावे लागतात, आणि कंट्रोल चॅनल सहसा तसा बीमने विभागलेला नसतो. आठ जणांची जोडी कागदावर जमते, प्रत्यक्षात पाचांनाच ग्रँट मिळतो. जोडीचा सरासरी आकडा कमी दिसला की बीमला दोष देण्याआधी कोरसेट एका सिम्बॉलचा आहे का ते बघा.

एसआरएसचंही (चॅनल मोजायला हँडसेट पाठवतो त्या सिग्नलचंही) तसंच. हँडसेट वाढले की प्रत्येकाचा एसआरएस कालावधी लांबतो, चॅनलची माहिती जुनी होते आणि बीम चुकतो. चालत्या गाड्यांच्या भागात याचा फटका आधी बसतो.

डेसिबल

५जी टीडीडीमध्ये (एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने पाठवणं-घेणं) अपलिंकवर विशेष लक्ष ठेवा. डीडीडीएसयू (डी डाउनलिंक, एस मधला, यू अपलिंक) साच्यात पाचांपैकी एकच पूर्ण स्लॉट वर पाठवायला. हँडसेट २६ डीबीएमचा असला तरी ३ डीबीने ती कसर भरून निघत नाही. कडेच्यांचं अपलिंक खालच्या बँडवर वळवायचा उंबरठा डाउनलिंकच्या आरएसआरपीवर न ठेवता अपलिंक एसआयएनआरवर (इंटरफिअरन्स धरून काढलेल्या एसएनआरवर) ठेवा, मिळत असेल तर.

आणि सगळ्या सेलचा अपलिंक इंटरफिअरन्स एकदम १०-२० डीबीने चढला तर पॅरामीटर चाळत बसू नका. आधी घड्याळ बघा. लगतच्या टीडीडी सेलच्या फ्रेमच्या सुरुवातीत ३ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही. एका साइटचा जीपीएस गेला आणि होल्डओव्हर (जीपीएसशिवाय घड्याळ टिकण्याची मुदत) संपला की तिचं डाउनलिंक शेजाऱ्यांच्या अपलिंक स्लॉटवर चढतं. ती साइट स्वतः ठीक दिसू शकते, तक्रारी आजूबाजूच्या साइटच्या येतात. नकाशावर बाधित सेलचा घेर काढा, मधली साइट बहुधा तीच असते. ती बंद करून १५ मिनिटांचा एक काउंटर थांबा. घेरातला नॉइज उतरला तर नक्की.

कटाक्ष

बदल तपासण्याबद्दल एवढंच: वरचं काहीही करताना एका वेळी एकच पॅरामीटर, आणि तुलना आदल्या दिवसाशी न करता मागच्या आठवड्याच्या त्याच वाराच्या त्याच तासाशी. नुसता तो सेल बघू नका, पहिल्या घेरातले शेजारीही त्याच तक्त्यात घ्या. पी-नॉट आणि सीआयओच्या बाबतीत आपला सेल सुधारला आणि तीन शेजारी बिघडले असं सर्रास होतं, आणि ते आपल्या सेलच्या आलेखात दिसतच नाही. मागे घ्यायची अट बदल टाकण्याआधीच लिहून ठेवा: कॉल तुटण्याचं प्रमाण किती वाढलं की जुना आकडा परत टाकायचा.